बाळगोंडा अण्णांची तेवीस अंडी

"आण्णाऽऽ, अंडी हायती! लय अंडी!"

जोतीराम गवंड्यानं ही आरोळी सांगलीतल्या दुसऱ्या कुठल्याही गल्लीत ठोकली असती, तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं. पण त्यानं ती ठोकली रत्नत्रय कॉलनीत. या कॉलनीत घरं एकतीस, त्यातली अठ्ठावीस जैनांची, आणि उरलेल्या तिघांनीही शेजारधर्म म्हणून 'ती वस्तू' आणणं कधीच सोडून दिलेलं. त्यात वेळ सकाळी साडेनऊची. म्हणजे मंदिरातलं दर्शन उरकून सगळी कॉलनी पांढऱ्या कपड्यांत रस्त्यानं परतत होती, आणि सगळ्यांनी ते ऐकलं.

बाळगोंडा पाटील एका पायात चप्पल घालून बाहेर धावले. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि या चौतीस वर्षांत असा आरोप त्यांच्यावर कुणी केला नव्हता.

"हळू बोल की रं! कसली अंडी?"

"आवं, ह्या वाळूत. खोरं घातलं तर पांढरं दिसलं. म्हटलं पोरांचा चेंडू हाय. तर येक न्हाई, धा-वीस हायती!"

फाटकाच्या आत वाळूचा ढीग होता, आणि ढिगाच्या कडेला टेबलटेनिसच्या चेंडूएवढी, गोल गरगरीत, पांढरीशुभ्र अंडी एकमेकांना खेटून बसली होती. अण्णांनी पाहिलं आणि पहिलं काम काय केलं, तर खांद्यावरचा टॉवेल त्यांच्यावर टाकला.

आता ही वाळू आली कशाला, ते सांगायला हवं. अण्णांच्या पत्नी त्रिशलाकाकू यांची बारा वर्षांची एकच इच्छा होती : आपल्या घरी महाराजांचा आहार व्हावा. दिगंबर मुनिमहाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. त्यासाठी वेगळा सोवळ्यातला चौका, म्हणजे आहाराचं स्वयंपाकघर, लागतो. महाराज गावात आले की ज्यांच्या घरी चौका असतो ते नवराबायको सोवळ्यात, हातात कलश-नारळ घेऊन दारात उभे राहतात आणि 'नमोस्तु स्वामी, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ' म्हणजे 'इथं थांबा' असं विनवतात. पण महाराज विनवण्याला भुलत नाहीत. सकाळी निघतानाच त्यांनी मनात एक खूण धरलेली असते, तिला विधी म्हणतात. ती खूण ज्या दारात दिसेल तिथंच ते थांबणार, नाही दिसली तर त्या दिवशी उपवास. आणि ती खूण कुणाला सांगत नाहीत. बारा वर्षांत सात वेळा महाराज काकूंच्या दारावरून पुढं गेले होते. यंदा वैशाखाच्या शेवटी महाराज येणार म्हटल्यावर काकूंनी ठरवलं की मागच्या पडवीत चांगली फरशी घालून कायमचा चौकाच बांधायचा. म्हणून जोतीराम, म्हणून वाळू, आणि वाळूतनं हे.

"सापाची असणार," शेजारचे गोमटेश वकील कंपाउंडवरून म्हणाले. वकीलसाहेब मंदिराच्या समितीचे अध्यक्ष होते आणि कुठलाही अंदाज ते निकालाच्या आवाजात सांगत.

"न्हाई ओ," जोतीराम म्हणाला. "सापाची लांबुडकी असत्यात. ही सुसरीची. आमच्या गावाकडं नदीकाठच्या मळीला सुसर निघती, म्हशीचं शेपूट तोडलंय तिनं."

"नागाची असली तर बरंच आहे," मागच्या गल्लीतल्या भाग्यश्रीवहिनी म्हणाल्या. "पार्श्वनाथांचं लांछन आहे ते."

यावर अण्णांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. प्रत्येक तीर्थंकरांची एक खूण असते, तिलाच लांछन म्हणतात. साप असला तर पार्श्वनाथ. मगर असली तर पुष्पदंत. कासव असलं तर मुनिसुव्रत. चोवीसांतल्या तिघांनी सरपटणारी मंडळी पदरात घेतलेली! पालीला तेवढं कुणी घेतलं नव्हतं. अण्णांना फार आनंद झाला. म्हणजे ढिगात जे काही होतं, ते घरंदाजच होतं.

"काही असू दे," त्रिशलाकाकू टॉवेलाकडे न बघता म्हणाल्या, "पण त्या शब्दानं बोलू नका. पाहुणे म्हणा."

तेव्हापासून घरात त्यांना पाहुणे म्हणायचं ठरलं.

पाहुण्यांचं करायचं काय, हे सरकारला विचारावं असं अण्णांना वाटलं. वाटणारच. आयुष्यभर त्यांनी लोकांना 'लेखी अर्ज द्या' म्हणून सांगितलं होतं, आता अर्ज देण्याची पाळी आली तर त्यांना माहेरी निघाल्यासारखं वाटलं. त्यांनी विषय, संदर्भ, महोदय असा फक्कड अर्ज लिहिला आणि स्कूटर काढून वनखात्याच्या खिडकीवर गेले.

"प्राण्याचं नाव मोकळं ठेवलंय," खिडकीतला तरुण म्हणाला.

"माहीतच नाही ना. ते तुम्ही सांगायचं."

"नाव नसेल तर अर्ज कुठल्या गठ्ठ्यात लावू काका?"

हे मात्र अण्णांना मनापासून पटलं. गठ्ठा पाहिजे. त्यांनी जोतीरामवर विसंबून 'सुसर (संशयित)' असं लिहिलं आणि पोच घेऊन आले. चार दिवसांनी उत्तर आलं. 'सुसर हा प्राणी कृष्णा नदीत आढळत नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

अण्णांनी ते तीनदा वाचलं. सुसर कृष्णेत नाही? मग घाटावरून रोज दिसते ती काय समाजाची बोट आहे? ते तडक खिडकीवर गेले.

"ती मगर काका," तरुण शांतपणे म्हणाला. "सुसर म्हणजे लांब नाकाची, ती गंगेकडं असते. आपल्याकडं लोक मगरीलाच सुसर म्हणतात."

"म्हणजे माझ्या आजोबांपासून आमचा सगळा वाळवा तालुका चुकला म्हणा की!"

"तालुका चुकला नाही काका, अर्ज चुकला."

असलं वाक्य अण्णांनी नोकरीत स्वतः शेकडो लोकांना ऐकवलं होतं. ते समोरून ऐकताना इतकं लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथं 'सुसर' खोडून 'मगर' केलं, खोडलेल्या जागी सही केली, आणि दोन तासांत जयराज नावाचा वनरक्षक मोटरसायकलवर दारात हजर झाला. एका शब्दानं एवढा फरक पडतो म्हटल्यावर अण्णांना मराठी भाषेचाच अभिमान वाटला.

जयराजबरोबर समीक्षा आली. ती कोपऱ्यावरच्या बंगल्यातली सून, इस्लामपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि कुणाच्या घरी साप निघाला की पकडून लांब सोडून यायची. ती ढिगाशेजारी गुडघ्यांवर बसली, बोटांनी वाळू बाजूला केली आणि लहान पोरीसारखी ओरडली.

"अण्णा! कासव! नदीतलं मऊ पाठीचं कासव! मगरीची अशी गोल नसतात. किती नशीबवान आहात हो तुम्ही!"

"जिवंत आहेत का पण?" काकूंनी विचारलं. त्या उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या.

"नदीकाठच्या ढिगात घातली असणार आणि ढीगच्या ढीग ट्रॅक्टरमध्ये भरला. सरपटणाऱ्यांचं अंडं कोंबडीसारखं फिरवायचं नसतं काकू, फिरलं की आतला जीव गुदमरायचा संभव असतो. ही कशी टिकली देव जाणे. सगळी नसतील. पण काही असतील. आता यांना हलवायचं नाही, बस्स."

जयराजनं पंचनामा लिहायला घेतला. 'मूळ ठिकाण' या रकान्यापाशी तो थांबला.

"वाळू कुठली म्हणायची काका?"

अण्णांनी जोतीरामकडे पाहिलं. जोतीरामनं आभाळाकडे पाहिलं. गवंड्याला वाळू कुठली हे विचारायचं नसतं, हे अण्णांना चौतीस वर्षांच्या पाटबंधाऱ्यावरून माहीत होतं. जयराज समजूतदार माणूस होता. त्यानं थोडा विचार करून 'निसर्ग' असं लिहिलं आणि कागद पुढं केला.

"इथं सही करा. सुपूर्दनामा आहे. पिल्लं निघेपर्यंत तुम्ही राखणदार."

कागदावर लिहिलं होतं : 'मी बाळगोंडा आदगोंडा पाटील, मला वरील तेवीस (२३) अंडी सुस्थितीत मिळाली, ती जिवापाड सांभाळीन.' अण्णांच्या सात पिढ्यांत कुणी असल्या पावतीवर सही केली नव्हती. त्यांनी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला आणि सही केली. खाली तारीखही घातली, कारण तारखेशिवाय सही त्यांच्या हातून होत नसे.

मांजरं, कावळे, मुंगूस यांच्यापासून राखायचं म्हणून जोतीराम दुसऱ्या दिवशी एक मोठं डालगं घेऊन आला आणि पाहुण्यांवर पालथं घातलं. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची टोपली. आता येणाऱ्याजाणाऱ्याला फाटकातून काय दिसे, तर बाळगोंडा पाटलांच्या अंगणात डालगं. दोन दिवसांत मार्केट यार्डापर्यंत बातमी गेली की पाटलांनी कोंबड्या पाळल्या. हळदीच्या पेढीवरच्या एका जुन्या मित्रानं तर फोन करून विचारलं, "गावठी का ओ?"

पण अण्णांना आता लोकांची पर्वा राहिली नव्हती. त्यांना वेड लागलं होतं. समीक्षा रोज संध्याकाळी येऊन वाळूचं तापमान बघायची आणि जाताना एखादी गोष्ट सांगायची, आणि अण्णा ती दुसऱ्या दिवशी गावभर वाटायचे. मगरीत आणि पुष्कळशा कासवांत मुलगा की मुलगी हे वाळूच्या उन्हावर ठरतं, हे कळलं तेव्हा तर त्यांनी काकूंना हाक मारून बाहेर बोलावलं.

"ऐकलंस का? नवस नाही, सायास नाही. सावली धरली की झालं!"

"या मऊ पाठीच्या जातीत मात्र तसं नसतं हं अण्णा," समीक्षा म्हणाली.

अण्णा हिरमुसले. ढिगावर धरलेली छत्री त्यांनी मिटली. पण लगेच तिनं सांगितलं की पालीला पापणीच नसते, ती जिभेनं स्वतःचे डोळे पुसते. अण्णा पुन्हा खुलले. काही कासवं पाण्याखाली मागच्या बाजूनं श्वास घेतात, हे त्यांनी मंदिराच्या पायरीवर सांगितलं. लोक पायरी बदलून बसले. याच कासवांचं चीनमधलं एक भावंड लघवी तोंडावाटे टाकतं, हे त्यांनी गोमटेश वकिलांच्या घरी, वकीलसाहेबांनी कोकम सरबताचा घोट घेतला नेमकं तेव्हा सांगितलं.

"अण्णा!" वकील ठसकले.

"शास्त्र आहे वकीलसाहेब. आणि मगरीला जीभ बाहेर काढता येत नाही, माहीत आहे? खाली चिकटलेली असते. एवढा मोठा जबडा, पण कुणाला वेडावून दाखवायची सोय नाही."

हे वकीलसाहेबांनी उगाचच स्वतःवर घेतलं. तिथून पुढचं सगळं बिघडत गेलं.

महाराज यायच्या आठ दिवस आधी समितीची बैठक झाली. कुणाकुणाच्या घरी चौका लागणार ती यादी वकीलसाहेबांनी वाचली. बारा नावं झाली, तेरावं आलंच नाही.

"आमचं?" अण्णा उभे राहिले.

"हे बघा अण्णा, वैयक्तिक घेऊ नका. पण ज्या आवारात अंडी आहेत, त्या आवारात महाराजांचा आहार? लोक काय म्हणतील? सुपूर्दनाम्यावर तुमची सही आहे, तेवीस अंडी, सुस्थितीत. मी स्वतः वाचलंय."

"ती खायची नाहीत, राखायची आहेत!"

"खायची का राखायची हे डालग्याकडं बघून कळत नाही. समितीचं म्हणणं एवढंच, महाराज यायच्या आत ती हलवा. तुमचं नाव मी हातानं घालतो."

अण्णा घरी आले ते तोंड पाडून. काकू नव्या फरशीवर बसून गहू निवडत होत्या. नदीच्या वाळूला हात लावता येईना म्हणून जोतीरामनं दगडाची चाळ, म्हणजे खडीचा बारीक चुरा, आणून फरशी पुरी केली होती. चौका आरशासारखा झाला होता. अण्णांनी सगळं सांगितलं.

"समीक्षा काय म्हणते?" काकूंनी विचारलं.

"म्हणते आता हलवली तर शेवटच्या घडीला मारल्यासारखं होईल. कुठल्याही दिवशी निघतील. मी आज कान लावला होता वाळूला. आतनं एकमेकांना हाका मारतात म्हणे. मला काही ऐकू आलं नाही, पण... त्रिशला, बारा वर्षं झाली ग तुला. तू म्हणशील तसं."

काकूंनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

"जीव मारून चौका लावायचा, तर आहार कशाला द्यायचा? राहू देत पाहुणे. यादीत नाव नसलं म्हणून काय, आपल्याच दारात उभं राहायला वकिलाची परवानगी लागते होय?"

अण्णांना एकदम हलकं वाटलं. त्यांनी बायकोकडे असं बघितलं की काकू लाजून सूप घेऊन आत गेल्या.

महाराज आले. पहिल्या दिवशी कॉलनीतनं गेले, बारा दारांत बारा जोडपी उभी, तेराव्या दारात अण्णा-काकू, महाराज कुठंच थांबले नाहीत. उपवास. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. वैशाखाचं ऊन, रस्ता तव्यासारखा, आणि महाराजांच्या पोटात दोन दिवस पाण्याचा थेंब नाही. सगळ्या कॉलनीच्या घशाखाली घास उतरेना. विधी काय असेल? कुणी कलशावर कमळ ठेवलं, कुणी हातात ऊस धरला, कुणी हळदीचं ओलं रोप धरलं. भाग्यश्रीवहिनींनी नातवाला कडेवर घेतलं. वकीलसाहेबांनी दारात चोवीस तीर्थंकरांची चोवीस लांछनं रांगोळीत काढून घेतली, म्हणजे काहीतरी लागू पडेलच.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू म्हणाल्या, "अहो, ते डालगं तेवढं तासभर मागं ठेवा. महाराजांच्या वाटेवर कोंबड्यांचं डालगं बरं दिसत नाही."

अण्णांनाही ते पटलं. इतके दिवस सोसलं, आता ऐन वेळी शोभा नको. त्यांनी डालगं पडवीत नेऊन ठेवलं, विहिरीच्या पाण्यानं अंघोळ केली, कोरं धोतर नेसलं, कोरं उपरणं घेतलं आणि काकूंशेजारी उभे राहिले. सोवळ्यात उभं राहिलं की कशाला शिवायचं नाही. पुढच्या वळणावर गलका झाला. महाराज निघाले होते.

आणि अण्णांच्या पायाशी वाळू हलली.

आधी वाटलं मुंगळा आहे. मग वाळूतनं एक इवलं नाक बाहेर आलं, नळीसारखं. मग रुपयाएवढी पाठ. मग दुसरं नाक. तिसरं!

"त्रिशला," ते कसेबसे म्हणाले, "पाहुणे निघाले!"

निघाले म्हणजे काय, सुटलेच. कासव हळू चालतं हे ज्यानं सांगितलं त्यानं तासाभराचं कासव पाहिलेलं नसणार. फाटकाखालून पहिलं पिल्लू रस्त्यावर, त्याच्यामागं दुसरं. समोर रस्त्यापलीकडं गटाराचं पाणी चमकत होतं, त्यांना वाटलं हीच कृष्णा. तेवढ्यात विजेच्या तारेवर एक कावळा बसला. मग दुसरा बसला.

अण्णांनी काकूंकडे पाहिलं. काकूंच्या हातात कलश होता. शिवलं तर सोवळं मोडलं. नाही शिवलं तर सुपूर्दनामा. आणि सुपूर्दनामा राहू दे, ते नाक!

"आवं बघताय काय," काकू ओरडल्या, "उचला की!"

अण्णांनी बांधकामाचं घमेलं उचललं, त्यात वाळू घातली आणि कोऱ्या धोतरानिशी रस्त्यावर गुडघे टेकले. एक आलं, दोन आली. कावळा झेपावला, अण्णांनी उपरणं फिरवलं. घमेलं खाली ठेवलं की पिल्लं काठावरून बाहेर, हातात धरलं की उचलायला हात नाही. शेवटी त्यांनी जोतीरामला महिनाभर बघून जे शिकले होते तेच केलं. कोऱ्या उपरण्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर घमेलं चढवलं. आता दोन्ही हात मोकळे. सात झाली, आठ झाली. शेवटचं एक पोरगं मात्र रस्त्याच्या मधोमध, गटाराच्या दिशेनं जिवाच्या आकांतानं पळत होतं.

"अरे थांब! थांब रं!" अण्णा डोकं सावरत त्याच्यामागं धावले. आणि महिनाभर बायकोबरोबर जे घोकलं होतं तेच त्या घाईत तोंडातनं बाहेर पडलं, "तिष्ठ! तिष्ठ! अत्र तिष्ठ!"

पिल्लू थांबलं नाही. महाराज थांबले.

मुनी चालताना चार हात पुढची जमीन बघून चालतात, किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. त्यांनी ते पिल्लू केव्हाच पाहिलं होतं. ते वाकले, हातातल्या मोरपिसांच्या पिच्छीनं त्याची वाट अलगद वळवली. पिल्लू गर्रकन फिरून अण्णांच्या दोन्ही हातांत येऊन पडलं. मग महाराजांनी मान वर केली. समोर बाळगोंडा पाटील : धोतराला माती, कपाळावर वाळूचे ओघळ, डोक्यावर घमेलं, घमेल्यातनं आठ नाकं बाहेर. महाराज बघत राहिले. बघता बघता त्यांनी उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्याला लावली.

बारा दारांतनं एकदम श्वास सुटला. विधी मिळाला होता!

काकूंचे डोळे वाहायला लागले. मग कलश सावरत त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या आणि महाराज यादीत नसलेल्या घरात शिरले. अण्णा मात्र दारातच. आत काकू म्हणत होत्या, 'मन शुद्ध, वचन शुद्ध, काय शुद्ध', आणि तिसऱ्या शब्दाशी, म्हणजे देहाच्या शुद्धीशी, अण्णांनी स्वतःकडे पाहिलं. समीक्षा धावत आली, घमेलं तिच्या स्वाधीन केलं, आणि साठ वर्षांच्या माणसानं विहिरीच्या पाण्याच्या सहा बादल्या इतक्या वेगानं कधी अंगावर घेतल्या नसतील. ओलेत्यानं ते चौक्यात पोचले तेव्हा आहार संपत आला होता. शेवटचं पाणी उरलं होतं. ते अण्णांनी महाराजांच्या ओंजळीत घातलं. काकूंनी खालून त्यांच्या कोपराला आधार दिला.

आहारानंतर वकीलसाहेबांना राहवलं नाही. हात जोडून त्यांनी विचारलं, "महाराज, विधी काय होता?"

महाराज हसले. "मिळाला, उद्यापासून नवा, म्हणून सांगतो. डोक्यावर ओझं घेतलेला गृहस्थ. तीन दिवस सगळे नटूनथटून उभे होते. ओझं कुणी दाखवेना."

दुपारी जयराजबरोबर जाऊन अण्णा-काकूंनी नऊ पिल्लं कृष्णेच्या काठाला, शांत पाण्यात सोडली. जाताना एकानंही मागं वळून पाहिलं नाही. काकू तरीही बराच वेळ हात हलवत उभ्या होत्या. तेवीसांतली तेरा अंडी रिकामी, नासलेली निघाली. एक तेवढं अजून जड लागत होतं, म्हणून समीक्षानं ते होतं तिथंच वाळूत ठेवलं. डालगं पुन्हा जागेवर आलं, आणि या वेळी काकूंनी स्वतः घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दारात आले आणि बघतच राहिले. सगळी रत्नत्रय कॉलनी दारात उभी होती आणि प्रत्येक कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर घमेलं होतं. डॉक्टरांच्या डोक्यावर घमेलं, निवृत्त मुख्याध्यापकांच्या डोक्यावर घमेलं. ज्याला घमेलं मिळालं नाही त्यानं कपडे धुवायचा टब घेतला होता. जोतीरामनं सकाळी सहापासून चौदा घमेली वाटली होती आणि पंधराव्यासाठी तो पलूसला माणूस पाठवायच्या विचारात होता.

"आण्णा," तो म्हणाला, "ह्येंच्यातल्या निम्म्यास्नी चुंबळ येत न्हाई. माना मोडत्यात बगा."

"अरे, पण विधी एकदा मिळाला की बदलतो! काल सगळ्यांनी ऐकलं ना?"

"ऐकलं की. पर ऱ्हावंना म्हणत्यात."

तेवढ्यात कंपाउंडवरून हलक्या आवाजात हाक आली. गोमटेश वकील. डोक्यावर नवं कोरं घमेलं, त्यात चाळलेली वाळू, मान ताठ.

"अण्णा, जरा इकडं या. काल तुमच्या घमेल्यात कासवं होती. माझ्यात नुसतीच वाळू आहे. विधीत काही कमी पडायला नको. एखादं कासव उरलंय का तुमच्याकडं?"

"कासवं सगळी नदीत गेली वकीलसाहेब," अण्णा म्हणाले. "एक अंडं तेवढं उरलंय."

वकीलसाहेबांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मान हलवता येत नसल्यामुळं नुसते डोळेच फिरवले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले,

"अंडं चालेल."